पाइप ओढायला शिकताना: ओल, उष्णता आणि संथ झुरका

नव्याने पाइप ओढणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. जीभ पोळते, पाइप सारखा विझतो, झुरक्याबरोबर गुडगुड होऊन कडू पाणी तोंडात येतं, बाउल इतका तापतो की हातात धरवत नाही. यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार शेवटी दोन कारणांपाशी येऊन थांबते: तंबाखूतली जास्तीची ओल आणि ओढणाऱ्याची घाई. महागडा पाइप घेऊन यातलं काहीही सुटत नाही. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा वाळवणं, भरणं आणि पेटवणं यांना जास्त जागा दिली आहे.

तब्येतीचं मात्र आधीच सांगायला हवं. धूर छातीत न घेता फक्त तोंडात घोळवून सोडायचा, ही पाइपाची रीत आहे. त्यामुळे फुप्फुसांत कमी धूर जातो, पण तोंड, ओठ, जीभ, घसा आणि अन्ननलिका यांना त्याचा पूर्ण मार बसतो. पाइप आणि ओठांचा कर्करोग यांचा संबंध अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, १९६४ सालच्या अहवालातच मान्य झाला होता. फुप्फुसाच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोकाही शून्यावर येत नाही. पाइपाच्या तंबाखूतलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातं, त्यामुळे धूर छातीत घेतला नाही तरी व्यसन लागू शकतं. सिगारेट सोडण्यासाठी पाइपाकडे वळणाऱ्यांची गत बहुधा वाईट होते, कारण छातीत धूर ओढण्याची सवय त्यांच्याबरोबर येते. तंबाखूला कधीच हात लावला नसेल तर आमचा सल्ला न लावण्याचाच आहे. गरोदर बाई, लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल तर घरात पाइप नकोच. एवढं जाणूनही ज्या सज्ञान माणसाने ठरवलंच आहे, त्याच्यासाठी पुढचं.

पाइपाचे भाग

तंबाखू भरतो तो बाउल. त्याच्या आतल्या पोकळीला चेंबर म्हणतात. चेंबरच्या तळाशी एक बारीक भोक असतं आणि तिथून धूर शँकमध्ये, म्हणजे बाउलला जोडलेल्या लाकडी दांडीत जातो. शँकच्या तोंडाशी जी खोबण असते ती मॉर्टिस. तोंडात धरायची नळी म्हणजे स्टेम, आणि मॉर्टिसमध्ये घट्ट बसणारी स्टेमच्या टोकाची खुंटी म्हणजे टेनन. स्टेमचं ओठांकडचं टोक चपटं असतं आणि त्याला एक छोटा उंचवटा असतो, ते बटण. दात त्याच्या मागे टेकतात आणि पाइप निसटत नाही.

स्टेम बहुधा दोन प्रकारच्या असतात. व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, दाताला मऊ लागतं पण उन्हात आणि थुंकीने हिरवट-तपकिरी पडतं. ॲक्रिलिकची चमक टिकते, मात्र ते दाताला टणक लागतं. पाइप दातांत धरून काम करायचं असेल तर व्हल्कनाइट घ्यावं आणि उन्हात ठेवू नये.

पहिला पाइप कोणता

मक्याच्या कणसाचा. हे उत्तर अनेकांना कमीपणाचं वाटतं, पण त्यामागे कारणं आहेत. कणसाचा बुरकुंडा ओल शोषून घेतो, वजनाला हलका असतो, पहिल्या दिवसापासून बरा लागतो आणि शिकताना जळून खराब झाला तरी जीव हळहळत नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ सालापासून असे पाइप बनतात. यात बाउलच्या तळाशी लाकडी शँकचं टोक थोडं आत आलेलं असतं. पहिल्या काही वेळा ते जळताना किंचित जळक्या लाकडाची चव येते. मग ती जाते.

छंद टिकणार असं दिसलं की ब्रायर घ्यावा. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एरिका अर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती कापून उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. उकळल्याने तिच्यातला चीक आणि टॅनिन निघून जातं. हे लाकूड दाट असतं, सहजी पेट घेत नाही आणि उष्णतेने तडकतही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावच्या कारागिरांनी ब्रायरचे पाइप बनवायला सुरुवात केली आणि मातीचे पाइप हळूहळू मागे पडले.

तिसरा पर्याय मीरशॉम, हा सेपिओलाइट नावाचा पांढरा, सच्छिद्र, हलका दगड. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत. चव सगळ्यांत स्वच्छ, पण पडला की फुटला. पहिला पाइप म्हणून नको.

ब्रायर विकत घेताना नक्षी आणि ब्रँडआधी पुढच्या गोष्टी तपासाव्यात. बटणाकडून पाइप क्लीनर, म्हणजे मऊ तंतू गुंडाळलेली लवचीक तार, सरकवा. तो न अडखळता थेट चेंबरच्या तळापर्यंत आला पाहिजे. चेंबरमध्ये डोकावून पाहा: भोक अगदी तळाशी आणि मधोमध हवं. ते वर असेल तर खालचा तंबाखूचा थर कधीच नीट जळणार नाही, तिथे ओला गाळ साचेल. शँक आणि स्टेम जिथे मिळतात तिथे नखाला फट लागता कामा नये. चेंबरचा व्यास १९–२० मिलिमीटर आणि खोली ३५–४० मिलिमीटर असेल तर जवळजवळ कोणतीही तंबाखू त्यात चालते. भिंत सहा मिलिमीटरहून पातळ असेल तर बाउल हाताला चटका देईल. दातांत धरायचा असेल तर वजन ५० ग्रॅमच्या आत ठेवा. लाकडातले बारीक खड्डे पुटीने बुजवल्याचे ठिपके दिसले तर घाबरू नका, तो फक्त दिसण्याचा दोष आहे. चेंबरच्या आत चकचकीत वार्निश दिसलं तर मात्र तो पाइप परत ठेवा, कारण ते वार्निश जळून तुमच्याच तोंडात येईल.

आकाराचं फारसं मनावर घेऊ नये. सरळ पाइप साफ करायला सोपा असतो, कारण क्लीनर कधीच अडत नाही. वाकडा पाइप जबड्याला हलका पडतो, पण वाकणाशी पाणी साचतं. काही पाइपांत नऊ मिलिमीटरचा कोळशाचा फिल्टर बसतो, काहींत सहा मिलिमीटरची बाल्सा लाकडाची तिकोनी काडी. दोन्ही ओल शोषतात आणि थोडी चवही शोषतात. फिल्टर लावला म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही, हे लक्षात असू द्या.

यासोबत लागतं ते थोडंच. तंबाखू दाबायची खुंटी (टॅम्पर), चमचा आणि टोचणी एकत्र असलेलं साधं पाइपाचं हत्यार, पाइप क्लीनरचं बंडल, लाकडी काड्यांची पेटी आणि एक जड रक्षापात्र. जेट लायटर नको. त्याची ज्वाला एका झटक्यात बाउलची कड जाळते आणि तो काळा डाग लाकडात कायमचा बसतो.

तंबाखू: पानं, प्रक्रिया, काप

डब्यावरची नावं कवितेसारखी असतात आणि त्यातून काहीच कळत नाही. आत कोणतं पान आहे ते पाहावं.

व्हर्जिनिया गरम हवेवर वाळवलेली असते. तिच्यात नैसर्गिक साखर भरपूर, वास गवताचा किंवा पावाचा. हळू ओढली तर गोड लागते, घाई केली तर जीभ सोलून काढते. बर्ली सावलीत हवेवर वाळवतात. तिच्यात साखर जवळजवळ नसते, चव दाण्यांसारखी असते, निकोटिन चांगलंच असतं, आणि बाहेरून दिलेला स्वाद ती छान धरते. लताकिया धुरावर सुकवलेली, काळी, शेकोटीच्या वासाची. नाव सीरियातल्या बंदराचं असलं तरी आज ती मुख्यतः सायप्रसहून येते. ओरिएंटल किंवा तुर्की पानं लहान, सुवासिक, किंचित आंबट. पेरीक अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिश भागातली. पिंपात दाबाखाली आंबवलेली ही तंबाखू मिरीसारखी तिखट असते, म्हणून मिश्रणात थोडीच घालतात. केंटकी आगीच्या धुरावर वाळवलेली आणि जोरकस असते.

कॅव्हेंडिश हे पान नव्हे, प्रक्रिया आहे. व्हर्जिनिया किंवा बर्लीला वाफ, दाब आणि बहुधा गोडवा देऊन ती मऊ आणि काळी करतात. व्हॅनिला, चेरी, रम असे वास असलेल्या बहुतेक तंबाखूंचा पाया हाच.

नवशिक्याला सगळे हेच सुवासिक प्रकार सुचवतात, कारण खोलीत वास चांगला येतो. आम्हाला हा सल्ला अर्धाच पटतो. या तंबाखूत ओल टिकवण्यासाठी बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, त्यामुळे ती कितीही वाळवली तरी चिकट राहते, वाफ जास्त करते आणि जीभ पोळवते. शिवाय डब्यातला वास चवीत क्वचितच उतरतो. त्याऐवजी हलका स्वाद असलेलं बर्लीचं मिश्रण किंवा सौम्य इंग्लिश मिश्रण, म्हणजे व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि थोडी लताकिया, यापासून सुरुवात करावी. लताकिया थंड जळते आणि चुका पोटात घालते. शुद्ध व्हर्जिनिया मागाहून.

काप निवडताना सुरुवातीला रिबन, म्हणजे सुट्या पट्ट्या घ्याव्यात. फ्लेक म्हणजे दाबून केलेल्या वडीचे पातळ काप. ते बोटांनी चोळून सुटे करावे लागतात. प्लग ही अख्खी वडी असते, ती सुरीने कापायची. दोरासारखी वळलेली तंबाखू बहुधा कडक निघते, सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका.

वाळवणं: सगळ्यांत दुर्लक्षित पायरी

डबा उघडल्यावर जी तंबाखू हाताला लागते ती बहुधा ओढायला जास्त ओली असते. डब्यात ती टिकावी म्हणून तशी ठेवलेली असते. ओली तंबाखू पेटवली की आधी तिच्यातलं पाणी वाफ होतं. ती वाफ धुरापेक्षा जास्त उष्णता जिभेपर्यंत आणते, शँकमध्ये थंड होऊन पाणी बनते, आणि निखारा विझू नये म्हणून तुम्ही जोरात ओढता तेव्हा सगळंच आणखी तापतं. जीभ पोळणं, गुडगुड आणि सारखं विझणं, तिन्ही तक्रारींचा उगम हाच.

एका बाउलपुरती तंबाखू, साधारण दोन ते तीन ग्रॅम, आधीच काढून कागदावर पातळ पसरा. रिबन असेल तर वीस मिनिटं ते अर्धा तास, चोळलेली फ्लेक असेल तर तासभर. दमट हवेत वेळ वाढवा, कोरड्या हवेत कमी करा. मग चिमूट बोटांत दाबून सोडून पाहा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. दाबल्यावर हळूहळू उलगडली आणि बोटांना गारवा लागला नाही तर तयार. कुरकुर आवाज करत भुगा झाला तर जास्त वाळली. अशी तंबाखू पटकन आणि तिखट जळते. शंका असेल तर जरा कोरड्याच्या बाजूने चुकावं. सूर्यप्रकाशात, पंख्याखाली किंवा गरम तव्याजवळ घाई करू नये, त्यात सुगंधही उडून जातो.

भरणं

पाइप ओढणाऱ्यांत एक जुनी खूण चालत आली आहे: पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने दाबावी, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या. उपमा कोणाला खटकेल, पण दाबाचा क्रम बरोबर आहे.

१. बाउलमध्ये तंबाखू सैल टाका, काठोकाठ. बाजूला एकदोनदा हलकं टिचकवा म्हणजे ती आपोआप बसेल. मग इतकंच दाबा की बाउल अर्ध्यापर्यंत भरलेला दिसेल.

२. पुन्हा काठापर्यंत सैल भरा. थोडा जास्त जोर देऊन पाऊण उंचीवर आणा.

३. तिसऱ्यांदा काठाच्या थोडी वर येईल इतकी भरा आणि काठाखाली तीनचार मिलिमीटरवर दाबा. वरचा थर बोटाला लवचीक लागला पाहिजे, दाबून सोडल्यावर जरासा वर यायला हवा.

४. न पेटवता झुरका घ्या. स्ट्रॉने सरबत ओढताना जितका अडथळा जाणवतो तितका हवा. काहीच अडथळा नसेल तर सैल आहे, ती वेगात आणि गरम जळेल. गाल आत जात असतील तर घट्ट आहे.

घट्ट भरलेला पाइप टोचणीने सैल करायचा मोह होतो. तो आवरा. सगळी तंबाखू बाहेर काढा आणि नव्याने भरा, दोन मिनिटांचं काम आहे. तळाशी घट्ट आणि वर सैल ही नवशिक्यांची हमखास चूक आहे. असा पाइप पहिली दहा मिनिटं मजेत चालतो आणि मग मध्यावर येऊन मरतो.

ब्रायर नवा असेल तर पहिली चारपाच वेळा बाउल फक्त निम्मा भरावा. तळाच्या लाकडाला काजळीचा पहिला थर तयार व्हायला वेळ मिळतो. कणसाला आणि मीरशॉमला याची गरज नाही.

पेटवणं

काडी ओढल्यावर दोनेक सेकंद थांबा, टोकावरचं रसायन जळून जाऊ द्या. मग ज्योत तंबाखूच्या वर धरून गोल फिरवत छोटे, सलग झुरके घ्या. ज्योत लाकडाच्या काठाला लागता कामा नये. तंबाखू फुगून वर येईल, काळी पडेल आणि बहुतेक वेळा विझेल. तिला विझू द्या. पहिली पेटवणी वरचा थर कोळसावण्यासाठीच असते.

आता टॅम्परने हा काळा थर हलकेच समतल करा. दाब टॅम्परच्या वजनाइतकाच, हाताचा जोर नको. मग दुसरी काडी. या वेळी निखारा सबंध पृष्ठभागावर पसरला पाहिजे. एका बाजूनेच पेटला तर पाइप तिरपा जळतो, एका भिंतीला खोबण पडत जाते आणि तीच जागा पुढे फुटते किंवा जळून आरपार भोक पडतं.

ओढणं

पाइप ओढत नाहीत, त्याची चुसणी घेतात असं म्हणायला हवं. धूर तोंडात येण्याइतपतच जीभ आणि गाल हलवायचे. नाकाने श्वास चालू असतो, त्याच लयीत मधूनमधून हलकेच ओढायचं आणि अधूनमधून तितकंच हलकं पाइपात फुंकायचं. त्या मंद फुंकरीने निखारा जिवंत राहतो. धुराचे लोट दिसत असतील तर तुम्ही खूप वेगात आहात. चांगल्या चालीत धूर पातळ, निळसर असतो आणि चव मात्र भरलेली लागते, कारण सुगंधी तेलं जळण्याऐवजी तापून उडत असतात.

वेग मोजायचं यंत्र म्हणजे तुमचा हात. बाउल हातात मावेल असा धरा. गरम पण सुखद असेल तर चाल ठीक. गालाला लावल्यावर चटका बसला तर पाइप खाली ठेवा आणि पाच मिनिटं विसरा. या चालीने मध्यम बाउल पाऊण तास ते तास टिकतो. वीस मिनिटांत संपला असेल तर काहीतरी चुकलं आहे.

पाइप विझतो, सगळ्यांचा विझतो. एका बाउलला चारपाच वेळा काडी लावावी लागली तर त्यात कमीपणा नाही. विझू नये म्हणून धापा टाकत ओढण्यापेक्षा विझू देणं शहाणपणाचं. पुन्हा पेटवण्यापूर्वी वरची सुटी राख थोडी झटका, उरलेली टॅम्परने सपाट करा आणि मग काडी लावा. सगळी राख मात्र काढू नये, पातळ थर निखाऱ्याला झाकून धरतो.

टॅम्पर वापरण्याची वेळ ओळखायला सोपी आहे: झुरका हलका लागायला लागला, म्हणजे खालची तंबाखू जळून वरचा निखारा अधांतरी राहिला. अशा वेळी एकदा टेकवायचं, बस्स. दर मिनिटाला दाबत राहिलं तर हवेची वाट बंद होते.

मध्येच गुडगुड सुरू झाली तर पाइप क्लीनर बटणाकडून आत घाला, तळापर्यंत न्या, दहा सेकंद ठेवा आणि काढा. स्टेम उपसू नका. गरम लाकूड प्रसरण पावलेलं असतं, त्या अवस्थेत टेनन ओढली की एकतर ती तुटते किंवा शँकला चीर जाते. याला अपवाद आर्मी माउंट, ज्यात निमुळती स्टेम धातूच्या कड्यात नुसती सरकवलेली असते.

मळमळ, थंड घाम, उचकी किंवा गरगरणं जाणवलं तर निकोटिन जास्त झालं आहे. पाइप ताबडतोब ठेवा, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या. उलट्या थांबत नसतील किंवा छातीत धडधड वाढली तर डॉक्टर गाठा. रिकाम्या पोटी पाइप कधीच ओढू नये. आणि अर्ध्यावर पुरेसं वाटलं तर बाउल संपवण्याचं बंधन कोणी घातलेलं नाही.

जीभ पोळली असेल तर दोनतीन दिवस पूर्ण विश्रांती हाच उपाय. दुसरी तंबाखू आणून तिच्यावर प्रयोग करू नये. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारा व्रण किंवा गाठ दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर ती पोळलेली जीभ नव्हे. दंतवैद्याला किंवा घशाच्या डॉक्टरला दाखवा.

पाइपाने वाटणाऱ्या निवांतपणाबद्दलही एक स्पष्ट बोलू. त्यातला बराच भाग तंबाखू पसरण्यात, भरण्यात आणि संथ श्वासात आहे. काही भाग निकोटिनचा आहे, आणि सवय जडल्यावर तो निवांतपणा म्हणजे निकोटिनची तलफ शमल्याचा दिलासा असतो. न ओढल्यास चिडचिड होते, सकाळी उठल्याबरोबर पाइप आठवतो, दिवसाला एकाचे तीन होतात, ही लक्षणं दिसली की छंद संपून व्यसन सुरू झालेलं असतं. तिथे पाइप बाजूला ठेवायचा आणि जमत नसेल तर तंबाखू सोडवणाऱ्या डॉक्टरची मदत घ्यायची.

ओढून झाल्यावर

तळाशी उरलेली ओलसर तंबाखू जाळायचा हट्ट धरू नका. चमच्याने ती सैल करा आणि पाइप तळहातावर उलटा करून झटका. बाउल दगडी कडेवर आपटला की शँक मोडते. राख पूर्ण विझल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका, पाण्याने भिजवून टाकली तर सगळ्यांत बरं. उरलेला गाळ आणि वापरलेले क्लीनर मुलांच्या आणि पाळीव जनावरांच्या हाती लागू नयेत, त्यातलं निकोटिन कुत्र्या-मांजराला मारू शकतं.

पाइप कोमट असतानाच एक क्लीनर आरपार फिरवून काढा, मग दुसरा तसाच आत ठेवून पाइप बाउल खाली करून स्टँडवर लावा. पूर्ण गार झाल्यावर, साधारण तासाभराने, स्टेम हळूच फिरवत काढा आणि मॉर्टिस पुसून घ्या. नंतर त्या पाइपाला किमान एक दिवस विश्रांती. ब्रायर ओल शोषतो आणि ती सोडायला त्याला वेळ लागतो. रोज तोच पाइप ओढला तर तो आंबट होतो, मग कोणतीही तंबाखू त्यात सारखीच कडवट लागते.

काजळीचा थर आणि खोल सफाई

ब्रायरच्या आत काजळीचा थर हळूहळू जमतो. तो लाकडाला उष्णतेपासून वाचवतो, म्हणून खरडून काढायचा नाही, पण वाढूही द्यायचा नाही. दीड मिलिमीटर पुरे. काजळी लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावते, त्यामुळे थर जाड झाला की आतून दाब येऊन बाउल तडकतो. रीमर, म्हणजे काजळी खरवडायचं हत्यार, मिळाला तर उत्तम, नाहीतर लाकडी कांडीभोवती जाडसर सँडपेपर गुंडाळून थोडं थोडं घासा. टोकदार सुरी वापरू नका, तळाशी खड्डा पडतो. मीरशॉममध्ये हा थर ठेवतच नाहीत, दर वेळी आतून कागदाने पुसतात.

महिन्यातून एकदा, किंवा पाइप आंबट लागायला लागला की, शँकची सफाई करावी. क्लीनर तीव्र अल्कोहोलमध्ये बुडवून शँकमध्ये फिरवा, तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत नवे घेत राहा. अल्कोहोल बाहेरच्या पृष्ठभागाला लागू देऊ नका, शेलॅकची, म्हणजे लाखेच्या लेपाची, चकाकी विरघळते. ॲक्रिलिक स्टेमलाही ते वर्ज्य आहे, तिच्यात बारीक चिरा पडू शकतात. तिला साबणाचं कोमट पाणी पुरतं. मीरशॉम आणि कणसाचा पाइप अल्कोहोलपासून लांब ठेवा. सफाईनंतर पाइप दोन दिवस उघडा राहू द्या. अल्कोहोलची वाफ उरली असेल तेव्हा त्याच्याजवळ काडी पेटवायची नाही.

हिरवट पडलेली व्हल्कनाइट स्टेम बाउलपासून वेगळी करून आधी पाण्याने ओल्या केलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश कागदाने, मग १००० आणि शेवटी २००० नंबरच्या कागदाने घासा. बटणाची धार घासून गोल होऊ नये म्हणून तिथे हात हलका. मेटल पॉलिशने शेवट करून पाण्याने धुवा, मग तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पुसा.

तंबाखू साठवणं

उघडलेला डबा काही आठवड्यांत कोरडा पडतो. रबरी वायसर असलेल्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या गार कपाटात ठेवलेली तंबाखू वर्षानुवर्षं टिकते. व्हर्जिनिया तर बंद बरणीत मुरून गोड होत जाते. लताकियाचा धुरकट जोर वर्षांगणिक मंदावतो, आणि सुवासिक प्रकार मुरवण्यात काही हशील नाही. बरणीवर नाव आणि भरल्याची तारीख चिकटवा.

तंबाखू सुकून कडक झालीच तर तिच्यावर पाणी शिंपडू नका. उघड्या भांड्यात पसरा, वर पिळलेला ओला फडका ताणून बांधा, तो तंबाखूला टेकणार नाही एवढी काळजी घ्या आणि दर तासाने ढवळून चिमटीत पाहा. सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड बरणीत टाकण्याचा घरगुती उपाय बुरशीला आमंत्रण आहे. मुरलेल्या तंबाखूवर कधी बारीक, चमकणारे स्फटिक दिसतात, त्यांनी काही बिघडत नाही. कापसासारखे तंतू, राखाडी-हिरवे ठिपके किंवा कुबट वास आला तर ती बुरशी. वरचा थर काढून बाकीची वाचवायला जाऊ नका, बरणीभर फेकून द्या आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवून घ्या.